चावीतला ‘च’

लिस्बन, शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. निघताना तू एकच बजावलं होतंस: इमारतींचे फोटो कुणीही पाठवेल, तू बाजारात फिर आणि शब्द गोळा करून आण. चार दिवस तेच करतोय. सगळं शहर टेकड्यांवर वसलेलं, चढउतार करून पोटऱ्यांत गोळे आलेत, पण तुला लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

पहिल्याच सकाळी खालच्या पेठेत किल्ल्या बनवणाऱ्याचं एक छोटंसं दुकान दिसलं. पाटी त्याच्याकडूनच वाचून घेतली. ‘शाव्हिश’, म्हणजे चाव्या! आमच्याकडे ‘चावी’ म्हणतात असं सांगितल्यावर म्हातारा काम थांबवून बघतच राहिला. म्हणाला, माझी आजी उत्तरेकडच्या डोंगरातली, तीही ‘च’च म्हणायची. मला भरून आलं रे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज माणसं कोकणपट्टीत आली तेव्हा त्यांच्या तोंडी ‘च’च होता. पुढे लिस्बनमध्ये त्याचा ‘श’ झाला, आपण मात्र तो जुना उच्चार आजवर जपला. इथल्या राजधानीने टाकून दिलेला ‘च’ वेंगुर्ल्यात माझ्या आईच्या कमरेला लटकतो आहे.

मग काय, नादच लागला. भाजीवालीकडे बताता आणि कोव्ह (आपला कोबी), फळांत अननश, भट्टीवर नाकातून म्हटलेला ‘पांव’. लिलाव, बालदी, फीत, पिंप, मेस्त्री, सगळे भेटले. उलट्या दिशेने गेलेलेही आहेत. आंब्याला हे ‘मांगा’ म्हणतात, तो शब्द मलबारातून इथे आला.

ही खालची पेठ अगदी आखीव आहे, सरळ रस्ते, सारख्या उंचीची घरं. कारण जुनी पेठ एका सकाळीच संपली. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, चर्चमध्ये माणसं दाटलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. त्यामागून समुद्र आत आला, आणि मग कित्येक दिवस आग. पुढे मार्केस द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने शहर नव्याने उभारलं. भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा बसवायचा, त्याला हे लोक ‘पिंजरा’ म्हणतात. सांगाड्याचा नमुना चौकात उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. वर टेकडीवर कार्मो मठाचं चर्च आजही बिनछपराचं ठेवलंय. कमानी उभ्या, वर आकाश. तिथे मी तासभर नुसता बसून होतो. जवळच बेर्त्रांद हे पुस्तकांचं दुकान आहे, 1732 पासूनचं. जुनं दुकान भूकंपात गेल्यावर ते 1773 मध्ये या जागेवर आलं. एकातून एक निघणाऱ्या कमानदार खोल्या आहेत. तू सोबत असतास तर बाहेर काढायला मला ओढावं लागलं असतं.

पण माझा जीव रमला तो मासळीच्या दुकानांत. नदीजवळ 1930 पासूनचं एक दुकान आहे. लाकडी फळ्यांवर छतापर्यंत डबे. तारल्या, बांगडे, टूना. गिऱ्हाईक डबा निवडतं, बाई तो कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देते. अशा मानाने बांधलेली तारली मी जन्मात पाहिली नव्हती. शेजारच्या रस्त्यावर खारवलेला बाकल्याव (कॉड) मासा, फळीसारखा कडक, रचून ठेवलेला. वास थेट आपल्या सुक्या बाजाराचा. गंमत म्हणजे हा मासा इथल्या समुद्रातला नव्हेच, थंड उत्तरेकडून येतो, आणि तरी नाताळच्या आदल्या रात्री इथे तोच शिजतो.

नदीकाठच्या बेलें भागात गेलो होतो. 1837 पासून चालणाऱ्या दुकानातली दालचिनी भुरभुरलेली पेस्टल (अंड्याच्या कस्टर्डची खुसखुशीत वाटी) खाल्ली, चार खाल्ल्या. जेरोनिमुश मठ बांधायला मसाल्याच्या व्यापारावरच्या कराचा पैसा लागला, आणि आत वास्को द गामाची समाधी आहे. कोरीवकाम अप्रतिम, पण तिथे मी फार थांबलो नाही. नदीकाठच्या बुरुजावर मात्र थांबलो. एका कोपऱ्यात खाली दगडात गेंड्याचं झिजलेलं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिलेला हा गेंडा गोव्याहून जहाजात चढवला आणि 20 मे 1515 ला इथे उतरवला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. लोकांनी त्याला नावही ‘गांदा’ असंच दिलं, म्हणजे जनावरासोबत शब्दही आला. पुढच्या वर्षी पोपकडे पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात तोही बुडाला. त्या बिचाऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

आता जे लिहितो ते लिहिताना हात अडखळतो. रोसिओ चौकात काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा पायाखाली असतात, माणसं कॉफी पितात. समोर राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा, वाडा होता. गोव्यात 1560 ला आलेलं ते न्यायासन याच व्यवस्थेचं. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा त्याच शतकात रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर गेली. तुझ्या घरची पालखी अजून त्या वाटेची आठवण काढते. मी त्या पायऱ्यांवर उभा राहिलो आणि राग आला, खरा राग. मग नदीवर गेलो तेव्हा आठवलं की 4 एप्रिल 1579 ला जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स गोव्याला यायला इथूनच जहाजात बसला. इंग्रज माणूस, आणि 1616 मध्ये रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांत. तू वर्गात शिकवतोस ते. ज्या धक्क्यावरून ते न्यायासन आलं त्याच धक्क्यावरून तोही आला. यातलं एक घेऊन दुसरं टाकता येत नाही, आणि मला ते जुळवताही येत नाही. तू भेटलास की बोलू.

आज सकाळी साऊ व्हिसेंत चर्चच्या मागच्या मैदानात ‘चोरणीचा बाजार’ भरला होता, मंगळवारी आणि शनिवारी भरतो. जमिनीवर चादरी अंथरून जुन्या फरशा, चमचे, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. एका पेटीत नाण्यांचा ढीग होता. उकरता उकरता एक हाती लागलं: ‘एस्तादु द इंदिया’ (पोर्तुगीज हिंदुस्थान), 1959. विकणाऱ्याला ते कुठलं ते ठाऊक नव्हतं. मी त्याला गोवा म्हणजे काय ते सांगितलं, आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा तुझ्या आजीने असलीच नाणी पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकली, तेही सांगितलं. त्याने नाणं उलटसुलट करून बघितलं आणि दोन युरोला दिलं.

ते खिशात आहे. डबा माळ्यावरून काढून ठेव, मी पंधरवड्यात येतो.

तुझा,
वेंगुर्लेकर