पोट बंद करायच्या आधी ग्लोव्हज बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रोबोटिक सर्जरीवर पानभर लेख होता. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरची ऑपरेशनं आता रोबोटने कशी होतात, किती छोटी भोकं पाडावी लागतात, पेशंट किती लवकर घरी जातो वगैरे. लेख चांगला होता, मी दोनदा वाचला, पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून लिहायला बसलेय. मी २६ वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आमच्याकडे रोबोट नाही आणि येत्या दहा-पंधरा वर्षांत येईल असं वाटतही नाही. दोन टेबलं आहेत, एक ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) आहे आणि आठवड्याला पोटाच्या चार-पाच केसेस होतात, कुणाचं अपेंडिक्स फुटलेलं, कुणाचा अल्सर फुटलेला, कुणाच्या आतड्याला पीळ पडलेला आणि अधूनमधून आतड्याचा कॅन्सर. असल्या हॉस्पिटलांना आज, उद्या, या आठवड्यात वापरता येईल असं संशोधन झालेलं आहे आणि त्यातलं एक अक्षरसुद्धा मी अजून कुठल्या मराठी पेपरात वाचलेलं नाही, हे माझं म्हणणं.

२०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात ‘चीता’ नावाचा एक अभ्यास छापून आला. भारत, घाना, नायजेरिया, रवांडा, बेनिन, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको अशा सात देशांतली ८१ हॉस्पिटलं आणि १३,३०१ पेशंट. सगळ्याचा मेळ इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने घातला होता, आपल्याकडचं केंद्र होतं लुधियानाचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. प्रश्न इतका साधा की कुणी आधी का विचारला नाही असं वाटतं. आतलं काम संपलं, आता पोट शिवायचं, त्याआधी स्क्रब झालेल्या, म्हणजे हात धुऊन टेबलाशी उभं राहिलेल्या सगळ्यांनी, सर्जन, असिस्टंट आणि सिस्टरनेही, नवे स्टराइल (निर्जंतुक) ग्लोव्हज घालायचे आणि शिवायला वेगळी, केसमध्ये न वापरलेली इन्स्ट्रुमेंट्स घ्यायची, तर जखमेत पस होणं कमी होतं का? चिठ्ठ्या पेशंटच्या नाही तर हॉस्पिटलांच्या टाकल्या, काहींनी प्रत्येक केसला बदलायचं, बाकीच्यांनी आपलं रोजचं चालू ठेवायचं आणि मग ३० दिवस जखमेवर लक्ष ठेवायचं. रोजच्या पद्धतीत १८.९ टक्के पेशंटची जखम चिघळली, बदलणाऱ्यांकडे १६ टक्के. आणि रोजच्या पद्धतीवाल्या हॉस्पिटलांत आपणहून दोन्ही बदलल्याची केस शंभरात एकसुद्धा निघाली नाही! म्हणजे हे कुणीच करत नव्हतं, आम्ही पण करत नव्हतो.

ज्यांनी ओटी आतून पाहिली नाही त्यांना सांगते नेमकं काय होतं. आतड्याचा तुकडा काढायचा म्हणजे आतडं उघडावं लागतं, कितीही मॉप (कापडी पुसण्या) लावा, कितीही सक्शन धरा, आतलं थोडंफार बाहेर येतंच. सर्जनची बोटं त्यात असतात, निडल होल्डर (सुई धरायचं हत्यार) त्यात असतो, फोर्सेप (चिमटा) त्यात असतो. जोड झाला, धुतलं, मॉपचा काउंट, म्हणजे मोजणी, बरोबर आला, मी मोठ्याने सांगते ‘काउंट करेक्ट सर’ आणि मग त्याच हातांनी त्याच निडल होल्डरने आम्ही पोटाची भिंत आणि कातडी शिवायला घेतो. ग्लोव्हज दिसायला स्वच्छ असतात हो, आपण ते पुसलेले असतात, त्यामुळे कुणाच्या मनात येत नाही. फार घाण झाले किंवा फाटले तर बदलतात, नाहीतर नाही. मीही वर्षानुवर्षं तशीच इन्स्ट्रुमेंट्स हातात दिलीत आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

शंभरात तीन म्हणजे काय एवढं, असं वाटेल. माझ्या वडिलांचं सांगते. आमच्या अण्णांना २०१६ साली मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, डावीकडे. मोठं ऑपरेशन म्हणून आम्ही त्यांना दुसऱ्या शहरात नेलं, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण त्यांनी जे केलं तेच तेव्हा सगळीकडे चालायचं. ऑपरेशन चांगलं झालं, आतला जोड पक्का बसला. सहाव्या दिवशी सकाळी मी त्यांची चादर काढली तर ड्रेसिंग भिजलेलं होतं आणि वास, तो वास मला लांबून कळतो. चार टाके सोडावे लागले, मग अजून तीन. ४७ दिवस रोज ड्रेसिंग केलं मी आणि माझ्या धाकट्या भावाने, तो बिचारा पहिल्या दिवशी तोंड फिरवून उभा होता आणि शेवटी शेवटी माझ्यापेक्षा चांगली पॅकिंग (जखमेत गॉज भरणं) करायला लागला. पण खरी गोष्ट पुढे आहे. केमो सहा-आठ आठवड्यांत सुरू करू असं डॉक्टर म्हणाले होते, जखम उघडी असताना केमो देता येईना, ती तीन आठवडे लांबली. ते तीन आठवडे आमच्या घरात कुणी नीट झोपलं नाही. जखमेतला पस हा फक्त जखमेचा प्रश्न नसतो, कॅन्सरच्या पेशंटची पुढची सगळी ट्रीटमेंट त्यामागे अडते. आणि ज्यांचं रोजंदारीवर पोट आहे त्यांची महिन्या-दीड महिन्याची मजुरी जाते, वर ड्रेसिंगच्या सामानाचा खर्च.

हा अभ्यास मला एका स्टुडंट सिस्टरने मोबाईलवर पाठवला होता. डिक्शनरी घेऊन दोन रात्रीत वाचला. आमच्या सर्जन सरांना दाखवला, ते म्हणाले, मॅडम, ग्लोव्हजचं ठीक आहे पण इन्स्ट्रुमेंट्सचे दुसरे सेट कुठून आणायचे, सगळ्या मिळून एका दिवसात चार केसेस असतात. प्रश्न खरा होता. मग मी आणि ओटीतल्या मामांनी (वॉर्डबॉय) मिळून शिवायचं एक छोटं पुडकं बनवलं, एक निडल होल्डर, दोन टूथ फोर्सेप, एक दोरा कापायची कात्री, चार आर्टरी (रक्तवाहिनी दाबायचे चिमटे), आणि त्वचेसाठी एक बारीक निडल होल्डर. नऊ वस्तू. पूर्ण सेट लागतच नाही शिवायला. ही नऊ वस्तूंची पुडकी हिरव्या कापडात वेगळी बांधून त्याच ड्रममध्ये ऑटोक्लेव्हला जातात, काउंट झाला की मी जुनी ट्रॉली मागे सारते आणि पुडकं उघडते, तेवढ्यात सर ग्लोव्हज बदलतात. घड्याळ लावून बघितलं, दोन मिनिटंसुद्धा जात नाहीत. तीन जोड ग्लोव्हजचे पैसे म्हणजे चहा-नाष्ट्याचा खर्च. गेली दोन वर्षं आमच्याकडे हे चालू आहे, इमर्जन्सी असली तरी, रात्री दोनची केस असली तरी.

त्याच मंडळींचा आधीचा एक अभ्यास होता ‘फाल्कन’ नावाचा, २०२१ चा. तेच सात देश, ५४ हॉस्पिटलं, ५,७८८ पेशंट. त्यात त्यांनी महागातलं तपासलं, म्हणजे कातडीला नेहमीच्या आयोडीनऐवजी अल्कोहोलवालं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावायचं आणि जंतुनाशक लावलेला महाग दोरा वापरायचा. फरक पडला नाही, नेहमीचं स्वस्त जे होतं तेवढंच चाललं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्यासारख्या हॉस्पिटलला कंपनीचा माणूस येऊन सांगतो हाच दोरा घ्या आणि आपल्याला वाटतं महाग आहे म्हणजे चांगलाच असणार. संशोधन नुसतं नवीन काय घ्यायचं एवढंच सांगत नाही, कशावर पैसे घालवू नका तेही सांगतं.

आता शिवण्याबद्दल. अण्णांची जखम भरली, केमोही झाली, देवाच्या कृपेने आज ते ७९ वर्षांचे आहेत. पण त्या जखमेच्या जागी पुढे हर्निया आला. खोकले की नारळाएवढा फुगवटा येतो, पट्टा बांधल्याशिवाय उठत नाहीत, शेतावर जाणं बंद, पंगतीत मांडी घालून बसणं बंद. पस झालेल्या जखमेत हर्नियाची शक्यता वाढतेच, पण पोटाची भिंत कशी शिवली यावरही ते फार अवलंबून असतं. इंग्लंडमधले जेन्किन्स नावाचे सर्जन १९७६ मध्येच सांगून गेलेत की जखमेच्या लांबीच्या चौपट तरी दोरा त्यात गेला पाहिजे, म्हणजे २० सेंटिमीटरची चीर असेल तर ८० सेंटिमीटर दोरा. आणि नेदरलँड्समधल्या दहा हॉस्पिटलांनी ५६० पेशंटवर केलेला ‘स्टिच’ नावाचा अभ्यास २०१५ साली छापून आला, पोटाच्या मधोमध उभी चीर घेऊन ठरवून केलेली ऑपरेशनं. निम्म्यांना नेहमीसारखे मोठे टाके, कडेपासून एक सेंटिमीटर आत आणि एकमेकांपासून एक सेंटिमीटर. निम्म्यांना बारीक दोऱ्याने छोटे टाके, पाच-पाच मिलिमीटरवर. वर्षभराने मोठ्या टाक्यांत २१ टक्क्यांना हर्निया, छोट्या टाक्यांत १३ टक्क्यांना. वेळ किती जास्त लागला तर चारेक मिनिटं.

कारण समजलं तर पटतं. मोठ्या टाक्यात चरबी आणि स्नायू पण येतात, दोरा आवळला की ते दबून मरतात आणि टाका सैल पडतो. छोट्या टाक्यात फक्त शीथ, म्हणजे स्नायूंवरचा पांढरा मजबूत पडदा, धरायची. आमच्याकडे मी आता स्टराइल स्टीलची पट्टी ठेवते ट्रॉलीवर, सर शिवून झाले की उरलेला दोरा ड्रेपवर (पेशंटवरच्या निर्जंतुक कापडावर) सरळ करून मोजते आणि गेलेला दोरा किती ते वहीत लिहिते. सुरुवातीला सरांना ते आवडलं नव्हतं, कुणाला आवडेल आपलं काम पट्टीने मोजलेलं, पण आता तेच विचारतात, किती गेला सिस्टर?

मी रोबोटच्या विरुद्ध नाही हे स्पष्ट लिहिते. चीनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातल्या कॅन्सरला रोबोटचा फायदा दिसलाय. त्याआधी २०१७ मध्ये दहा देशांतल्या ४७१ पेशंटच्या अभ्यासात मात्र दुर्बिणीची सर्जरी अर्धवट सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटने ठामपणे कमी झालं असं निघालं नव्हतं. दोन्ही वाचकांना कळायला हवं. आणि हेही कळायला हवं की गुदाशयाच्या कॅन्सरमधली सगळ्यात मोठी सुधारणा यंत्राशिवाय झाली. बिल हील्ड हे इंग्लंडातल्या बेसिंगस्टोक या छोट्या शहरातले सर्जन, मोठ्या नावाच्या हॉस्पिटलातले नव्हते. १९८२ साली त्यांनी मांडलं की कॅन्सर परत तिथेच का येतो, तर गुदाशयाभोवतीची चरबीची पिशवी आपण हाताने फाडून अर्धी मागे ठेवतो म्हणून. ती पिशवी तिच्या पातळ आवरणासकट, नजरेसमोर, कात्रीने हळूहळू पूर्ण सोडवून काढा. एवढंच. आज रोबोट करतो तेही हेच करतो. हील्डनी जगभर फिरून लोकांना ऑपरेशन करून दाखवलं.

म्हणून दोन मागण्या आहेत. एक तुमच्याकडे, आरोग्याच्या पानावर महिन्यातून एकदा तरी असलं संशोधन द्या, जे तालुक्याच्या ओटीत लागू होईल. दुसरी सरकारकडे, तुमच्या पेपरातून पोचेल म्हणून इथे लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट बऱ्याच ओटींमध्ये भिंतीवर लावलेली असते, भूल द्यायच्या आधी काय विचारायचं, चीर द्यायच्या आधी काय, पेशंट बाहेर न्यायच्या आधी काय. महाराष्ट्रातल्या सरकारी हॉस्पिटलांत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलांत त्या यादीत एक ओळ वाढवा, ‘पोट बंद करण्यापूर्वी ग्लोव्हज आणि इन्स्ट्रुमेंट्स बदलली का? हो / नाही’ आणि खाली सिस्टरची सही. त्या ओळीचा आम्हा सिस्टर लोकांना फार उपयोग होईल, कारण टेबलावर मोठ्या सर्जनला ‘सर, ग्लोव्हज बदला’ म्हणणं सोपं नसतं, नवीन पोरींना तर अजिबात नाही, पण भिंतीवर लिहिलेलं असलं की वाचून दाखवता येतं.

आणि ज्यांच्या घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी संमतीपत्रावर सही करायच्या आधी, पोट बंद करण्यापूर्वी ग्लोव्हज आणि इन्स्ट्रुमेंट्स बदलता का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावं. चांगला डॉक्टर चिडत नाही.

तुमच्या वार्ताहरांना हे अभ्यास हवे असतील तर माझ्याकडे प्रिंट आहेत, अवघड शब्दांवर मी पेन्सिलने मराठी लिहून ठेवलंय. आमचं पुडकं कसं बांधतो तेही येऊन बघा, फोटो काढा, फक्त दुपारी चारनंतर या, त्याआधी मी केसमध्ये असते.

आपली नम्र,
एक ओटी सिस्टर, सांगली जिल्हा