नाना खोकत नाहीये

प्रिय दिन्या,

पत्राला फार उशीर झाला. शिव्या भेटल्यावर घाल. इकडे बरं आहे, पाठ आहे तशीच.

नानाची दोन्ही फुप्फुसं बदलली, हे कळलंच असेल. पहिल्या रात्री पीएफ रेशो (फुप्फुस रक्तात ऑक्सिजन किती चढवतं, त्याचं माप) 200च्या खाली आणि एक्सरे दोन्हीकडे पांढरा, म्हणजे प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन (नवं फुप्फुस सुरुवातीलाच बिघडणं), ग्रेड 3, सगळ्यात वरची. पण एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन घालणारं यंत्र, लागलं नाही. 72 तासांनी रेशो 300पार, मग श्वासाची नळीही निघाली. फुप्फुसाच्या लिम्फवाहिन्या कापलेल्या, झिरपलेल्या पाण्याला वाट नाही, म्हणून लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स चालू. त्यात शरीरानं नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, तेही किडनीला जड, त्यामुळे क्रिएटिनिन चढतंय, म्हणजे किडनी थकतेय. आठवतं, रात्रपाळीत तू ‘किडनी वाचव’ आणि मी ‘फुप्फुस कोरडं ठेव’ म्हणून भांडायचो? या वेळी दोघंही बरोबर, म्हणजे दोघांचाही उपयोग शून्य.

पण लिहितोय वेगळ्याच कारणासाठी. सुमावहिनी येईल त्याला कौतुकानं सांगतेय, “इतक्या वर्षांनी एकदाही खोकला नाही हो!” माझ्या पोटात का गोळा येतो, ते तुलाच कळेल. नवी फुप्फुसं त्याच्या श्वासनलिकांना जिथं शिवली, त्या सांध्याखालच्या संवेदनेच्या नसा तुटलेल्या. तिथं कफ कितीही साचो, मेंदूला पत्ता नाही. श्वासनलिकांना रक्त देणाऱ्या ब्राँकियल धमन्या सहसा जोडत नाहीत, त्यामुळे सांध्याला रक्त मिळतं ते फुप्फुसधमनीकडून, उलट्या वाटेनं, जेमतेम. अशा फिकट कडेवर कफ बसून राहिला की जंतू आणि बुरशीला आयतं घर. पहिल्या काही आठवड्यांत सांधा उसवतो तो असाच. टिकला तरी पुढे आकसायची भीती. कालच्या ब्राँकोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) डावीकडे खालून पिवळा, चिकट कफ ओढून काढला. सांधा अजून धड आहे. कफाचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, यायचंय.

छाती आडवी उघडलेली, दुखतं म्हणून गडी वरवर श्वास घेतो. दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक तर टॅक्रोलिमसबरोबर द्यायची सोय नाही, दोन्ही किडनीला जड. फिजिओ येण्याआधी अर्धा तास दुसरं औषध देतात, तरी हा “उद्या बघू” म्हणतो. तुझं ऐकेल. त्याला दटाव: खोकल्याची उबळ येण्याची वाट बघायची नाही, ती येणारच नाही. जागा असेल तेव्हा दर तासाला उठून बसायचं, उशी छातीशी घट्ट धरायची, तीन-चार खोल श्वास आणि ठरवून दोन-तीनदा खोकायचं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. जठरही सुस्तावलंय, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं की संपलंच.

आणखी एक. असंबद्ध बोलायला लागला तर रक्तातला अमोनिया तपासा, असं मी वहिनीला सांगून ठेवलंय. तो वाढवणारा युरियाप्लाझ्मा नावाचा जंतू क्वचितच, पण पहिल्या महिन्यात दगा देतो. नानाच्या बाबतीत हे लक्षण ओळखायचं कसं, ते तूच सांग.

चिन्याची बारावी कशी गेली? घराचं काम आटपलं का? घरी सगळ्यांना नमस्कार.

फोन सकाळी कर, टॅक्रोलिमसच्या लेव्हलचं रक्त घेऊन गोळी दिल्यावर. दुपारी तो झोपेचं सोंग घेतो.

तुझा,
बापू