चि. सईस

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, एएलटीसाठी अर्ज करू का? पण जन्मभर असिस्टंटच राहायचं असेल तर काय उपयोग?" तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी काम काय असतं ते सांगते. एएलटी म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर, जपानच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला शिक्षकांच्या सोबतीला असणारी माझ्यासारखी व्यक्ती. इथे जपानमध्ये तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजीची तोंडओळख असते. पाचवी-सहावीला २०२० पासून तो रीतसर विषय झाला आहे. वर्षाला ७० तास, पाठ्यपुस्तक, प्रगतिपुस्तकात नोंद, सगळं आलं. प्राथमिक शाळेत बऱ्याच ठिकाणी हा विषय वर्गशिक्षकच घेतात. सकाळी गणित, मग भाषा, मग पोहणं आणि त्यातच इंग्रजी. त्यातल्या कितीतरी जणांवर इंग्रजीत बोलायची वेळ आयुष्यात फारशी आलेली नसते. तास त्यांचा, मी सोबतीला. कोणतं मूल आज गप्प आहे आणि का, कोणाला उभं केलं तर रडू येईल, हे त्यांना माहीत असतं. मी आठवड्यातून एक-दोनदा वर्गात जाते, मला ते कसं कळणार? त्यामुळे वर्ग त्यांनी सांभाळावा आणि बोलायचं निमित्त मी पुरवावं, ही वाटणी मला मनापासून पटते. तासाची आखणी मात्र बहुतेक वेळा जिन्यात दोन मिनिटांत होते, कारण त्यांना खरंच वेळ नसतो. मी निघते तेव्हा स्टाफरूममध्ये निम्म्याहून अधिक टेबलांवर माणसं असतात. उपमुख्याध्यापक सकाळी सगळ्यांच्या आधी येतात आणि रात्री सगळ्यांच्या नंतर जातात.

माझ्या मते या नोकरीचा गाभा तासाबाहेर आहे. मागे पाचवीत 'व्हॉट वुड यू लाइक?' हा पाठ चालू होता. हॉटेलात काय हवं ते विचारायचं आणि सांगायचं. वर्गात पाढे म्हणावेत तसं सगळ्यांनी ते एका सुरात म्हटलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओठसुद्धा हलवत नव्हता. त्यानंतर क्युशोकु, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण. ते वर्गातच होतं. ज्यांची त्या दिवशी वाढायची पाळी असते ती मुलं पांढरा एप्रन, टोपी आणि मास्क घालून स्वयंपाकघरातून भांडी आणतात आणि वाढतात. (मुलांच्या आधी मुख्याध्यापकांनी ते जेवण खाऊन बघायचं असतं. हा नियम मला फार आवडतो.) त्या दिवशी भाताच्या भांड्यापाशी तोच मुलगा होता. मी वाटी पुढे केली. त्याने डाव उचलला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "व्हॉट वुड यू लाइक?" मी म्हटलं, "राइस, प्लीज." तो थांबला. काहीतरी शोधत होता. मग, "बिग? स्मॉल?" "स्मॉल, प्लीज." त्याने डाव आडवा धरून वरचा भात काळजीने बाजूला सारला आणि छोटी वाटी भरून दिली. मागे रांग खोळंबली होती, पण कोणी ओरडलं नाही. मला जपानी येतं हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी त्याने इंग्रजीत विचारलं, कारण विचारावंसं वाटेल असं माणूस समोर होतं आणि विचारायला खरं कारण होतं. असिस्टंट असण्याचा उपयोग तो हाच, सई.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर सांगते, तू शाकाहारी आहेस, त्याची तयारी आधीपासून ठेव. मिसो सूप दिसायला साधं, पण त्यात माशाचा अर्क असतो. मुलांच्या लाडक्या करी-राइसच्या मसाल्यातही बहुधा प्राण्याची चरबी असते. मी शाळेचा भात, दूध आणि फळ घेते, बाकी डबा घरून नेते. भात मात्र इथे निगाता प्रांतात असा मिळतो की नुसता खावा. थालीपीठ नेलं की चार डोकी डब्यावर वाकतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, तिखट आहे का?

जेवणानंतर सगळी शाळा सफाईला लागते. गुडघ्यावर बसून ओल्या फडक्याने लाकडी फरशी पुसायची. शिक्षकही पुसतात, तुलाही पुसावी लागेल. थंडीत दारापुढचा बर्फ उपसायचा. वर्गात ज्यांचं तोंड उघडत नाही ती मुलं इथे बोलतात.

आता जे सलतं तेही सांगते. माझा करार एका वर्षाचा असतो, दर वर्षी नवा. काही जाहिरातींत आजही 'नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, हवा असं लिहितात आणि भारतीय नाव बघून अर्ज बाजूला ठेवला जातो. मला हा अन्याय वाटतो आणि तसं मी बोलूनही दाखवते. दुसरं म्हणजे बदल्या. सरकारी शाळांतले शिक्षक काही वर्षांनी हलवले जातात आणि मार्चअखेर यादी स्थानिक पेपरात येते. ज्या बाईंबरोबर पूर्ण वर्षभर तास बसवले, त्या एप्रिलमध्ये दुसऱ्या गावाला. दर वेळी मला त्याचा त्रास होतो.

वर चढायची वाट नाही असं नाही, पण ती जपानी भाषेतून जाते. आपल्या पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०२३ मध्ये जपानच्या इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. ते आयटी आणि बँकेतल्या नोकऱ्या करून, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक होऊन तिथे पोचले. एएलटी म्हणून येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून जपानीचा अभ्यास धरला नाही, तर चार-पाच वर्षांनी परतीचं तिकीट काढावं लागतं, हे मी डोळ्यांनी बघते आहे. म्हणून निदान एन-३ची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या मधल्या पातळीची, तयारी तिथेच सुरू कर.

अर्ज 'जेट' योजनेचाच कर. परदेशी तरुणांना एएलटी म्हणून बोलावणारी, १९८७ पासून चालू असलेली जपान सरकारची योजना आहे, करार वर्षाचा आणि वाढत जाऊन एकूण जास्तीत जास्त पाच वर्षांचा होतो. पदवी लागते आणि अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत जातो. इतर मार्गांनी आलीस तर इंग्रजी शिकवायच्या व्हिसाला १२ वर्षं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण दाखवावं लागतं. तू पहिलीपासून इंग्रजी माध्यमात होतीस, म्हणून शाळेचे दाखले आत्ताच काढून ठेव. बाबांना सांग, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत.

अर्जासोबतच्या निबंधात देवळं आणि चेरीची फुलं नकोत. वस्तीतल्या मुलांना तू दोन उन्हाळे शिकवलंस, त्यातल्या एका मुलाबद्दल लिही. पहिला खर्डा झाला की मला पाठव, रविवारी मी मोकळी असते.

आजीला नमस्कार सांग.

तुझी,
आई