शरदातली पुस्तकं निवडायचीत, शनिवारी या

मंडळी, नवरात्र तोंडावर आलंय आणि पहिली-दुसरीच्या मुलांना वाचून दाखवायची पुस्तकं अजून फायनल नाहीत. येत्या शनिवारी दुपारी ४ ला नौपाड्यात नेहमीच्या ठिकाणी भेटू. प्रत्येकाने दोनच पुस्तकं आणा, गठ्ठा नको प्लीज.

- चित्रं मोठी हवीत, शेवटच्या रांगेतल्या पोराला दिसली पाहिजेत.
- परदेशी 'ऑटम'वाली पुस्तकं चालतील, पण मेपलची लालभडक पानं बघून पोरं विचारणारच की आपल्याकडे असं का नाही, तेव्हा उत्तर तयार ठेवा: तिकडे दिवस लहान होऊन गारठा पडला की पानांतलं हरितद्रव्य जातं आणि रंग दिसतात, आपल्याकडे पानगळ शिशिरात, येऊरच्या जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा. आत्ता इथे झेंडू, भाताच्या लोंब्या, भोंडला, कोजागिरी आणि अर्थात ऑक्टोबर हीट (त्यावर कुणी पुस्तक काढत नाही!), असलं काही मिळालं तर आधी ते.
- प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, पण मोबाईलवर दाखवू नका, प्रिंट काढा.

घरी एकदा मोठ्याने वाचूनच आणा, १० मिनिटांच्या वर गेलं तर बाद. जमणार नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर सांगा.