कात्री लागलेली जागा टीव्हीवर दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला बनावट चित्रफितींवरचा लेख वाचला. त्याचा सगळा रोख एआयवर आहे. पण अस्सल फुटेजमधून खोटी बातमी कशी शिजते, हे 'बॅबिलॉन 5' या अमेरिकी विज्ञान मालिकेनं 1997 सालीच दाखवलं होतं.

मालिकेत पृथ्वीचे अध्यक्ष क्लार्क लष्करी कायदा लावतात. आयएसएन ही वृत्तवाहिनी खरं सांगू लागताच चालू प्रक्षेपणात स्टुडिओवर हल्ला होतो, पडदा कोरा. पुढे तीच वाहिनी त्याच नावानं सुरू होते आणि तिचा बातमीदार बंडखोर अंतराळस्थानकावर शूटिंगला येतो. तिथल्या दवाखान्यात शरीरात परकी यंत्रं बसवलेली माणसं उपाय सापडेपर्यंत शीतपेट्यांत ठेवलेली आहेत. बातमीत पेट्या त्याच, निवेदन मात्र माणसांवरच्या भयंकर प्रयोगांचं. वर स्टुडिओतला तज्ज्ञ स्थानकाचा प्रमुख कॅप्टन शेरिडन याला 'मिनबारी वॉर सिंड्रोम', म्हणजे मिनबारी या परग्रहवासीयांशी झालेल्या युद्धातून जडलेला मनोविकार, चिकटवतो. विरोधकाला चूक ठरवायला पुरावा लागतो, वेडा ठरवायला एक पाहुणा पुरतो!

आपल्या मराठवाड्याला दबावाचं उघडं रूप ठाऊक आहे. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला, तेव्हा तो कशासाठी हे कुणाला विचारावं लागलं नाही. आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपमुळे 28 जून 1975 ला 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. वाचक काय ते समजले. टीव्हीवर अशी कोरी जागा राहत नाही, ती कटअवेनं, म्हणजे मध्येच दुसरंच दृश्य दाखवून, बुजवतात.

एकाच कॅमेऱ्यावर मुलाखत घेतली, की बातमीदाराचे प्रश्न आणि मान डोलावणं बरेचदा नंतर वेगळं शूट करतात. यात गैर काही नाही. पण घोळ करायचा तर तो इथंच होतो, कारण प्रश्न बदलला तरी उत्तराची फीत अस्सलच राहते. म्हणून प्रश्न आणि उत्तर एकाच फ्रेममध्ये आहेत का, ते बघावं. मागच्या पंख्याची घरघर कटपाशी अचानक बदलते का, तेही ऐकावं. वाक्य संपताना आवाज खाली येतो. बाइट, म्हणजे बातमीत वापरलेला बोलण्याचा तुकडा, चढत्या सुरावर तुटला असेल तर पुढचा 'पण' उडवलेला असू शकतो. बोलणाऱ्याचं तोंड सोडून हात, टेबल, भिंतीवरचा फोटो दिसू लागला, तर त्याखाली जोड असण्याची शक्यता जास्त. अर्थात प्रत्येक जोड लबाडीचा नसतो, वेळेसाठीही कापावं लागतंच.

आपल्या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात 'बॅबिलॉन 5'चा हा भाग दाखवून, दहा मिनिटांच्या एकाच मुलाखतीतून दोन गटांना उलटसुलट अर्थाच्या दीड मिनिटाच्या बातम्या कापायला लावाव्यात. आणि आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावर नेत्यांचे तीस सेकंदांचे बाइट टाकताना खाली न कापलेल्या मुलाखतीची लिंक देता येईल का, तेही कळवावं.

आपला,
एक वाचक, परभणी