पॉलिशची डबी सध्या बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. काकांची मोटरसायकल इतक्या वर्षांनी उजेडात आली हे वाचून फार बरं वाटलं. त्या सीटवर मागे बसून मीही कितीतरी फिरलोय. पण पत्राच्या शेवटी तू केलेली खरेदीची यादी वाचली आणि लगेच लिहायला बसलो. क्रोम पॉलिश, वॅक्स, मऊ फडकी, टाकीवरचे स्टिकर. हे सगळं लागेल, पण सगळ्यात शेवटी. आधी ती गाडी न दुखावता उघडता यायला हवी.

गाडी सत्तरच्या दशकातली जपानी आहे. म्हणून पहिली खरेदी जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाच्या स्क्रू ड्रायव्हरची कर. इंजिनच्या कव्हरवरचे चौफुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्स या नेहमीच्या चौफुली स्क्रूसारखे असतात, पण फिलिप्स नसतात. काहींच्या डोक्यावर बारीक टिंब असतं, ती त्यांची खूण. फिलिप्सचं टोक त्या खाचेत पुरतं बसत नाही. जोर लावला की वर उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी मी डाव्या कव्हरच्या तीन स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून ठेवली. मग ड्रिल लावलं, ते घसरलं आणि ॲल्युमिनियममध्ये खड्डा पडला. ते कव्हर आजही माझ्या गाडीवर आहे. दर वेळी नजर तिथेच जाते आणि वाईट वाटतं. नवीन स्क्रू कुठेही मिळतात रे, तसं कव्हर मिळत नाही.

त्याच्या जोडीला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घे. हातोडीचा घाव टोकाला खाचेत दाबून धरतो आणि त्याच क्षणी थोडं फिरवतो, त्यामुळे जाम स्क्रूही सुटतो. ठोकण्याआधी आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजलेल्या फटीत झिरपणारं तेल, सोडून ठेव. डब्ल्यूडी-40 तुझ्याकडे असेलच, पण ते मुळात ओल हटवण्यासाठी बनलं. गंजाने धरलेल्या बोल्टला खास तेलच हवं. तरीही हलला नाही तर बोल्टच्या भोवतीचं कव्हर हीट गनने तापव. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते. मात्र त्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटर काढून लांब ठेव. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

पान्यांमध्ये सहा कोनांचे सॉकेट घे, बारा कोनांचे नकोत. जुन्या बोल्टचे कोपरे आधीच झिजलेले असतात. लहानमोठा होणारा पाना या गाडीला लावूच नकोस. गाडी जुनी ब्रिटिश असती तर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे वेगळे पाने जमवावे लागले असते, आणि त्यांच्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. तुझं काम मेट्रिकवर भागेल. जोडताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, हवाच. ॲल्युमिनियममधल्या 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतं, हाताच्या अंदाजाने आवळलंस तर आटे निघून येतील.

आता सफाई. इंजिनवरचा चिकटा रॉकेल आणि रंगाच्या जुन्या ब्रशने निघतो, कोपऱ्यांत पितळी ब्रश चालव. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, त्याला हात लावू नकोस. इंजिनवर वाळूचा मारा तर कुणी फुकट करून दिला तरी नको, एक कण तेलाच्या वाटेत राहिला की बेअरिंग गेलं. कार्ब्युरेटरचे रबरी भाग क्लीनर मारण्याआधी काढ. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग, पितळेचे असतात, त्यात पोलादी तार घातलीस तर भोक मोठं होईल आणि गाडी पुन्हा नीट चालणार नाही. भिजवून ठेव, मग हवा मार.

टाकीतल्या गंजाला सायट्रिक ॲसिड उत्तम. एक लिटर कोमट पाण्याला 50 ते 100 ग्रॅम. पेट्रोल कॉक काढून भोक नीट बंद कर, रंगावर ओघळ येऊ देऊ नकोस आणि रोज आत डोकावून बघ. पत्रा स्वच्छ दिसला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू आणि लगेच वाळव. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण उघड्या पत्र्यावर काही मिनिटांत पुन्हा तांबूस थर धरतो. वाळल्यावर आत थोडं तेल फिरव.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी पाळ. ब्रेक ड्रममधली धूळ फुंकू नकोस, हवाही मारू नकोस. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून घे आणि फडकं पिशवीत बांधून टाक. ब्रेक क्लीनर क्लोरीनवाला असेल तर त्याने धुतलेला भाग पुरता वाळेपर्यंत ज्योत किंवा वेल्डिंग जवळ आणू नकोस, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

क्रोमवरच्या हलक्या गंजाला ॲल्युमिनियम फॉइल ओली करून घास. ती क्रोमपेक्षा मऊ, चरे पडत नाहीत. पॉलिश त्यानंतर.

डावं कव्हर उघडशील त्या दिवशी आधी त्याच्या स्क्रूंचे जवळून काढलेले फोटो मला पाठव. टिंब दिसतंय का ते मी बघतो, तोवर हात लावू नकोस.

तुझा,
बालमित्र