पाचव्या भागाचं दुखणं जाडीत नाही

संपादक महोदय,

‘हॅरी पॉटर’चा पाचवा भाग (२००३) कंटाळवाणा, अशी तक्रार वाचक अजूनही करतात आणि बोट दाखवतात ते जाडीकडे. पहिल्या भागात १७ प्रकरणं, यात ३८. पण खरी अडचण सुरुवातीची आहे. हॉगवर्ट्‌ज या जादूच्या शाळेतली मेजवानी येते थेट अकराव्या प्रकरणात. तोवर मुलं घरात साफसफाई करत बसलेली!

हॅरीच्या चिडचिडीला मात्र नावं ठेवू नयेत. पंधराव्या वर्षी, त्यात कोणी काही सांगत नसताना, मुलगा ओरडणारच. मूळ इंग्रजीत हा आरडाओरडा कॅपिटल अक्षरांत छापलाय. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे अनुवादात राग शब्दांतूनच यावा लागतो.

शिक्षिका अम्ब्रिजबाईंची शिक्षा तर मालिकेतला सर्वांत अंगावर येणारा प्रसंग: शाई नाही, कागदावर लिहिलेलं वाक्य हॅरीच्याच हातावर कोरलं जातं.

दुसरी खोट आरशाची. हॅरीचा धर्मपिता सिरियस नाताळच्या सुट्टीच्या शेवटी त्याला दुरून बोलण्यासाठी जादूचा आरसा देतो, हॅरी पुडकं न उघडताच ठेवून देतो आणि ऐन वेळी त्याला ते आठवत नाही. मधे एकदा तरी त्याची आठवण करून द्यायला हवी होती.

– एक वाचक